दिलेली सही परत घेताना

माझ्या माहेरी, कोडोलीला, कुणाचंही लग्न असो, पंगतीत माझ्या शेजारी बसलेलं माणूस दुसऱ्या घासाला विचारतंच, "अक्का, गुडघ्यावर काय गोळी हाय का गं तुझ्याकडं?" मी वीस वर्षं औषधाच्या कारखान्यात नोकरी केली एवढंच त्यांना ठाऊक. त्यांच्या समजुतीनं मी पर्समध्ये गोळ्या घेऊन हिंडते. एका चुलत्यांनी तर मला गाभण म्हशीचं औषध विचारलं होतं. मी कधीच कुणाला काही दिलं नाही, त्यामुळं 'शिकली पण हात आखडूनच राहिली' अशी माझी माहेरी ख्याती आहे. असू दे.

खरं म्हणजे एक वर्ष सोडलं तर मी गोळ्या केल्याच नाहीत. मी सह्या केल्या. गोळी कारखान्यातून बाहेर पडण्याआधी कुणीतरी ती तपासायची, कागदावर 'पास' लिहायचं आणि खाली सही करायची, असा कायदा आहे. तो कुणीतरी म्हणजे वाट्टेल तो चालत नाही. शिक्षण आणि अनुभव दाखवून सरकारच्या औषध खात्याकडून त्या माणसाच्या नावानं मंजुरी आणावी लागते. तिला आम्ही 'अप्रूव्हल' म्हणायचो. माझं अप्रूव्हल म्हणजे टाइप केलेला एक पिवळट कागद होता, पण तो आला तेव्हा माझ्या सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. त्या कागदावर माझी नोकरी, माझा पगार आणि बाई म्हणून कारखान्यात मला असलेला मान, सगळं उभं होतं.

मी पुष्कळ बॅचेस नापास केल्या. माघारी मला 'नापासबाई' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. पण आज सांगायचंय ते मी पास केलेल्या एका बॅचबद्दल. ती सही मी परत घेतली. परत घेतली तर अप्रूव्हल जाणार हे पक्कं माहीत असताना, पाठोपाठ बहुतेक नोकरीही जाणार हे दिसत असताना घेतली. ही गोष्ट चारचौघांत बोलू नको म्हणून मला बऱ्याच शहाण्या माणसांनी सांगितलं होतं. तेव्हा आधी तीच सांगते.

वारणानगरला बी.एस्सी. केलं आणि नव्वदच्या सुमाराला कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या गोळ्यांच्या कारखान्यात लागले. मालकांना सगळे अण्णा म्हणत. औषधाचं दुकान चालवता चालवता त्यांनी कारखाना काढला होता. कपाळाला भस्म, पांढरा शर्ट, बोलणं मोजून. माणूस वाईट नव्हता. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हाला तसं वाटेल.

माझी लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली. त्यात एक तराजू, थेंब मोजायच्या चार ब्युरेट, आणि खिडकीपाशी एक यंत्र, ज्यावर ही सगळी गोष्ट उभी आहे. त्याला काचेच्या सहा नळ्या, नळ्यांच्या बुडाला तारेची जाळी. एकेका नळीत एकेक गोळी टाकायची आणि त्या नळ्या अंगाइतक्या कोमट पाण्यात खालीवर, खालीवर होत राहतात. पोटात जे होतं तेच बाहेर करून बघायचं. पंधरा मिनिटांत सहाच्या सहा गोळ्या फुटून जाळीतून खाली गेल्या पाहिजेत. गोळी फुटली नाही तर आतलं औषध कितीही चांगलं असो, माणसाला त्याचा उपयोग शून्य. जशी गेली तशी बाहेर येणार.

गोळ्या पाडायचं मशीन भिंतीपलीकडं होतं. ते भरमूमामा चालवायचे. चौथी शिकलेला माणूस, पण मशीनच्या आवाजावरून गोळी दाबणारा कुठला पंच झिजलाय ते सांगायचा. तिथं गरम व्हायचं, माणसं बनियनवर काम करायची, म्हणून बाईमाणसानं तिकडं जायचं नाही असा रिवाज होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मी पहिल्या दिवशी दारापर्यंत गेले तर आत एकदम पळापळ झाली आणि सगळे शर्ट शोधायला लागले. मग मीच मागं फिरले. खरं तर तपासणीच्या गोळ्या मी स्वतः मशीनवरून उचलायच्या होत्या. तसं न होता त्या माझ्याकडं यायला लागल्या. रोज सकाळी दहाला भरमूमामा स्टीलच्या ताटलीत गोळ्या घालून, वर धुतलेला रुमाल झाकून, स्वतः घेऊन यायचे. "घ्या बाई, निवडून आणल्यात."

निवडून. माझ्या कानावर हा शब्द सहा वर्षं पडत होता आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं. आपल्याकडं पाव्हण्याला पेरू द्यायचा तर कुणी किडका देत नाही, चांगला बघून देतो. भरमूमामा तेच करत होते. लॅबमधल्या बाईला द्यायच्या गोळ्या गुळगुळीत, ठिपका नसलेल्या, कडा न उडालेल्या. त्यात फसवायचा हेतू अजिबात नव्हता, उलट मान होता. आणि मी, रसायनशास्त्राची पदवीधर, तो मान रोज ताटलीभर घेत होते.

मग दत्तू कोष्टी आला. शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार असेल. इचलकरंजीच्या मागावरचा कामगार, पहिली पाळी करून एसटीनं आलेला, कपड्यांवर अजून कापसाचे तंतू. वॉचमन त्याला पावणं पावणं करत बसवून ठेवायला बघत होता, पण तो थेट ऑफिसात शिरला. हातात स्टीलचा छोटा डबा. मी तिथं कागद भरत बसले होते, झाकण उघडून त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. आत पाणी आणि पाण्याच्या तळाशी आमची गोळी.

लहान मुलांच्या छातीत कफ भरतो, ताप चढतो, त्यावरची ती साधी, स्वस्त, सल्फाची गोळी होती. मुलं गोळी गिळत नाहीत म्हणून डॉक्टर सांगतात की चमचाभर पाण्यात विरघळवून पाजा. दत्तूच्या तीन वर्षांच्या मुलीला ती दिली होती. चमच्यात विरघळेना. त्याच्या बायकोनं चमच्यानं दाबून बघितली तर ती उडून चुलीमागं गेली. शेवटी तिनं केळ्यात घालून भरवली. चार दिवस भरवली, ताप वाढतच गेला.

"लाज सोडून सांगतो बाई," तो म्हणाला, "पोरीच्या शीमधनं गोळी जशीच्या तशी पडली. बायकुनं दावली. मग दवाखान्यात भरती केली."

इंजेक्शनं द्यावी लागली, आठ दिवसांनी मुलगी घरी आली. स्ट्रिपवर कारखान्याचा पत्ता छापलेला असतो, तो वाचून हा आला होता. माझ्या इतक्या वर्षांत तो पत्ता वाचून आलेला पहिला माणूस. ऑफिसातले कारकून तोंड फिरवून हसत होते, आणि मी काय केलं ते आजही सांगायला जड जातं. मी त्याला समजावलं. गार पाण्यात बघायची पद्धत नसते, त्याला यंत्र असतं, आमच्याकडं ही गोळी बारा मिनिटांत फुटलेली आहे. वर त्याच्याकडच्या रिकाम्या स्ट्रिपवरचा बॅच नंबर बघून फाइल काढली आणि त्याला माझी सही दाखवली.

त्यानं कागदाकडं बघितलं सुद्धा नाही. "कागद बराबर आसंल की. पर मी पोरीला कागद न्हाय पाजला."

डबा तिथंच ठेवून तो निघून गेला. पैसे मागितले नाहीत, शिवी दिली नाही. निदान शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

प्रत्येक बॅचच्या थोड्या स्ट्रिप्स आम्ही कपाटात राखून ठेवायचो. त्या बॅचची स्ट्रिप काढली, सहा नळ्यांत सहा गोळ्या टाकल्या आणि घड्याळ घेऊन बसले. पंधरा मिनिटांत एकही फुटली नाही. अर्ध्या तासानं दोन फुटल्या. तास झाला तरी एक जाळीवर बसलेलीच. मी पाणी बदलून, तापमान बघून पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

उठले आणि सरळ भिंतीपलीकडं गेले. शर्टांची पळापळ झाली, होऊ दिली. भरमूमामांना विचारलं, माझ्याकडं ताटली पाठवल्यावर तुम्ही मशीनला काय करता? त्यांनी सहज सांगितलं, "चाक आवळतो की."

सगळा उलगडा तिथंच झाला. आमच्या गोळ्या पॅकिंग मशीनवर तुटायच्या, एसटीच्या टपावरून खेड्यात जाईपर्यंत भुगा व्हायच्या, आणि दुकानदार बोंब मारायचे. बोलणी भरमूमामांना बसायची. म्हणून सकाळी ते मशीन हलकं लावून देखण्या गोळ्या काढायचे, त्यातल्या निवडून मला द्यायचे, आणि मी 'पास' म्हटलं की दाबाचं चाक आवळून उरलेली सगळी बॅच दगडासारखी पाडायचे. गोळी ताटलीत टाकली की टणकन वाजली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. फुटू नये एवढंच त्यांना शिकवलं होतं. फुटावी हे मला शिकवलं होतं. मध्ये एक भिंत, आणि सहा वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांना ते सांगितलं नव्हतं.

पण दोष भरमूमामांवर ढकलून मोकळं होता येत नाही. पॅक झालेला माल पुन्हा एकदा तपासायचा असतो. मी तो तपासत नव्हते. कामाचा रेटा होता, एकच यंत्र होतं, अशी कारणं पुष्कळ. सकाळच्या ताटलीचेच आकडे मी दुसऱ्या कागदावर उतरवून खाली सही ठोकत होते. माझं इमान, माझा कडकपणा, माझं 'नापासबाई' हे नाव, त्याच्या पोटात ही आळसाची गोष्ट होती.

मी लाल पेन घेतलं, माझ्या सहीवरून आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं आणि कागद अण्णांच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, आधीच्या तर खपून गेल्या, निदान ही बॅच बाजारातून परत आणायची.

अण्णांनी दार लावून घेतलं. सरकारी दवाखान्यांना हीच गोळी पुरवायचं टेंडर तोंडावर आलं होतं. माल परत बोलावला की खात्याला कळवावं लागणार, खातं आलं की टेंडर गेलं. साठ माणसं होती कारखान्यात. अण्णांनी एकेकाची घरची परिस्थिती मला सांगितली, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. मग म्हणाले, तक्रारीच्या वहीत लिहा, पालकांनी गोळी नीट कुस्करली नाही. पुढच्या बॅचपासून चाक ढिलं करू. आणि पोरगी तर बरी झाली की.

"ही झाली," मी म्हटलं. "बाकीच्यांचे बाप अजून आलेले नाहीत."

"बाई, ह्यावर माझी न्हाय, तुमची सही हाय. पहिलं अप्रूव्हल तुमचं जाईल."

"जाऊ द्या की. चुकीची सही केली तर जायलाच पाहिजे."

घरी नवऱ्याची शाळेतली नोकरी होती म्हणून मी शूर होते असं कुणाला वाटेल. तर तो तेव्हा विनाअनुदानित होता आणि माझ्या पगारावरच चूल पेटत होती. अण्णांनी मला दोन दिवस विचार करायला दिले. मी म्हटलं, दोन दिवसांत आणखी किती स्ट्रिपा खपतील? आज टेम्पो देत नसाल तर मी आजच एसटीनं औषध खात्याच्या ऑफिसात जाते. त्यांनी मला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली, काहीतरी कडक बोलले, ते लिहीत नाही. पण टेम्पो दिला.

टेम्पोत मी, ड्रायव्हर, आणि न सांगता चढून बसलेले भरमूमामा. दुकानं पालथी घातली. दुकानदार माल परत द्यायला तयार होईनात, ह्याचंच मला नवल. इचलकरंजीतला एक घाऊकवाला म्हणाला, "अवो, ह्या गोळीची कायबी कंप्लेंट न्हाय. उलट फुटत न्हाय म्हणून लई खपत्या." भरमूमामांनी मान खाली घातली. मी तिथल्या तिथं गोळी पाण्याच्या पेल्यात टाकून घड्याळ समोर ठेवलं. चहा झाला, गप्पा झाल्या, पेल्यातली गोळी तशीच. मग त्यानं खोकी काढून दिली.

कोडोलीत माझ्या चुलतभावाचंच दुकान. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, अगं माहेरात येऊन सोताच्या मालाची अब्रू घालवालीस, काय डोकंबिकं फिरलंय काय तुझं? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अक्काच्या कंपनीचं औषध खोटं निघालं. आई दारात उभी होती. मी टेम्पोतून उतरले नाही. उतरले असते तर रडले असते, आणि अजून तीन गावं करायची होती.

पाच दिवसांत मिळेल तेवढं आणलं. सगळं आलं नाही. जे आलं नाही ते खपलं होतं, म्हणजे कुठल्यातरी पोरांच्या पोटात गेलं होतं. त्यांचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. ह्याचं वाईट वाटतं, आजही वाटतं. कुणी त्यावर माझी समजूत घालू नये.

औषध खात्याच्या साहेबांपुढं सुनावणी लागली. अण्णांच्या वकिलानं माझा जबाब आधीच टाइप करून आणला होता. त्यात म्हटलं होतं की मशीनवरच्या माणसानं लबाडीनं वेगळे नमुने दिले, सबब केमिस्टची चूक नाही. खाली माझी सही झाली की भरमूमामा घरी आणि माझं अप्रूव्हल शाबूत. व्हरांड्यात बाकावर भरमूमामा बसले होते. त्यांनीच मला समजावलं. "घाला की माझं नाव, बाई. माझी सही कुठं काय चालतीया? तुमची वाचंल तर कारखाना तरी चालंल."

मी तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि साहेबांकडं कोरा कागद मागितला. चारच ओळी लिहिल्या. नमुने मी स्वतः काढले नाहीत. पॅक झालेला माल पुन्हा तपासला नाही. जुनेच आकडे उतरवले. चूक माझी आहे. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. बाई, तुम्ही काय लिहिलंय ते कळतंय का तुम्हाला, असं विचारलं.

"कळतंय. ह्या वेळी तपासून सही केलीय."

वकील कपाळाला हात लावून बसला. माझं अप्रूव्हल एका वर्षासाठी काढून घेतलं, त्या गोळीचं उत्पादन वर्षभर बंद केलं, कारखान्याला ताकीद दिली. टेंडर गेलंच. ते वर्षानं पुन्हा निघणार होतं.

अण्णा म्हणाले, वर्षभर घरी बसा, अर्धा पगार पाठवतो. त्यांच्या परीनं त्यांनी माणुसकी दाखवली. मी म्हटलं, घरी बसायला मी काही आजारी नाही. सही काढून घेतली, हात नाही काढून घेतले. मला मशीनवर घाला. अण्णांना वाटलं मी थट्टा करते. दुसऱ्या दिवशी मी डोक्याला रुमाल बांधून भिंतीपलीकडं जाऊन उभी राहिले. माणसांनी आठवडाभर शर्ट घालून काम केलं, मग उकडायला लागल्यावर सोडून दिलं. रिवाज मोडायला एवढंच लागतं.

त्या वर्षी मी जे शिकले ते कुठल्या कॉलेजात नव्हतं. ओली पावडर मुठीत दाबून सोडली की ती कशी मोडते ह्यावरून उद्याची गोळी कशी होईल ते कळतं. चाक सुताभर फिरलं तरी मशीनचा आवाज बदलतो. भरमूमामा माझ्यावर ओरडायचे, 'बाई' म्हणूनच ओरडायचे. आणि जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना लॅबमध्ये नेऊन सहा नळ्यांसमोर बसवायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी स्वतःची आवळलेली गोळी टाकली आणि तास संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं मी उलटंच करत हुतो." मी म्हटलं, आपण दोघंही.

वर्ष संपलं त्या दिवसाचं अजून सांगायचंय, पण त्याआधी नंतरचं सांगून टाकते. पुढं नवे नियम आले. हवा गाळून घ्या, धूळ साचू नये म्हणून भिंतींना कोपरे ठेवू नका, प्रत्येक कामाची रीत लिहून ठेवा, नमुना तपासणाऱ्यानंच काढावा, तक्रारीची वही ठेवा. पुण्यामुंबईहून टाय लावलेले सल्लागार आले आणि आम्हाला ह्या गोष्टी इंग्रजीतून शिकवू लागले. आमच्या लॅबच्या वहीत त्यातल्या बऱ्याच त्या वर्षीच लिहिलेल्या होत्या, त्याही लाल पेनानं. आमच्या लाइनीतले निम्मे कारखाने बंद पडले. करसवलत मिळते म्हणून मोठ्या कंपन्यांनी आपली कामं उत्तरेच्या डोंगरात नेली. मीही नंतर एका मोठ्या कंपनीत गेले, संगणकावर काम केलं, वीसएक पोरापोरींना हाताखाली घडवलं. त्यांना पहिले पंधरा दिवस मशीनवर उभं करायची, आणि त्यांचे आईबाप फोन करून विचारायचे, आमच्या पोरीला मजुराचं काम का देताय. तिथंही एका साहेबानं मला सुचवलं होतं की नापास आलेला नमुना पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचा असतो. मी त्याला म्हटलं, तुमच्या वयाच्या दुप्पट वेळा मी हे ऐकलंय.

आजकालची मुलं म्हणतात, मॅडम, तुमच्या वेळचे ते छोटे कारखाने म्हणजे नुसती खोटी कामं. होती. आमच्याकडूनही झालं. पण नियम यायच्या आधी स्वतःच्या नावानं चूक लिहून देणारी माणसं त्याच पत्र्याच्या शेडमध्ये होती, हेही लिहून ठेवा.

आता तो दिवस.

माझं अप्रूव्हल टपालानं परत आलं त्याच आठवड्यात त्या गोळीवरची बंदीही उठली होती. टेंडर पुन्हा निघालं होतं, अण्णांना मिळालं होतं, आणि पहिला माल त्या दिवशी निघायचा होता. बॅच मी आणि भरमूमामांनी मिळून पाडलेली. चाकावर हात माझा होता. आजच्या नियमात हे बसत नाही, ज्यानं केलं त्यानं तपासायचं नाही. पण बाकीच्या गोळ्यांवर वर्षभर सही करायला बाहेरून येणारा केमिस्ट माझं अप्रूव्हल येताच थांबला होता आणि दुसरं कुणी नव्हतं. गेटबाहेर गाडी उभी, हमाल तयार, अण्णा लॅबच्या दारात. वर्षभरात ते तिथं आले नव्हते.

मी पॅक झालेल्या खोक्यांत स्वतः हात घालून स्ट्रिपा काढल्या. वरच्या, मधल्या, तळातल्या. सहा नळ्या लावल्या. पंधरा मिनिटांत पाच फुटल्या. एक राहिली. नियम असा की एक-दोन राहिल्या तर आणखी बारा लावायच्या, आणि अठरांतल्या सोळा तरी फुटल्या पाहिजेत. लावल्या. त्यातल्या तीन राहिल्या. पाडायच्या शेवटच्या दिवशी हवा दमट होती, पावडरीचा दाणा ओलसर वाटला म्हणून मी चाक थोडं आवळलं होतं. ते मला आठवलं.

अण्णांनी माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं. "किती वेळ जास्त लागला?"

"दोन मिनिटं. एकीला तीन."

"दोन मिनिटांनी काय मरतंय का माणूस? आन् ही बॅच तर तुमच्याच हातची हाय. सोताचीच पाडलेली सोताच नापास करणार?"

"दुसऱ्यांच्या वीस केल्या की मी. माझी एक कशी सोडू?"

कागद पुढं ओढला आणि लिहिलं. वर्षभरानं परत मिळालेली माझी पहिली सही 'नापास' ह्या शब्दाखाली आहे. भरमूमामांनी एक खोकं उचलून टेबलावर घेतलं आणि स्ट्रिपा फोडायला सुरुवात केली. मीही ॲप्रन काढून त्यांच्या समोर बसले. गोळ्या पुन्हा दळून घ्यायच्या तर आधी एकेक बाहेर काढावी लागणार होती.

अण्णा अजून दारातच होते. मला वाटलं, आता हा माणूस कायमचं जा म्हणणार.

"दुसरी कवा मिळंल?" त्यांनी विचारलं.

"चार दिवसांनी."

"पाच घ्या," ते म्हणाले, आणि गाडी परत पाठवायला स्वतः गेटवर गेले.